पोटाच्या एका रोगाचें मोजमाप

आभाळ भरून आलें म्हणजे धरण भरलें असें होत नाहीं, हें लातूरकरांस निराळें सांगावयास नको. मांजरा धरण आटल्यामुळें एप्रिल २०१६ मध्यें या शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें. पाणी किती आहे तें पातळीच्या आंकड्यावरून कळतें. आंतड्याच्या एका चिवट रोगाचेंही असेंच आहे.

न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन यांनीं दोघां सहकाऱ्यांसह १९३२ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, म्हणून त्यास क्रोनचा रोग म्हणतात. यांत बहुधा लहान आंतड्याचें शेवटचें टोक सुजतें, तेथें व्रण पडतात, व ही सूज आंतड्याच्या भिंतीच्या आरपार जाते. रोग कधीं भडकतो, कधीं निवतो. पुरता जात मात्र नाहीं. तेव्हां आज तो जागा आहे कीं निजला आहे, हें ठरवावें कसें?

१९७६ सालीं अमेरिकेंतील विल्यम बेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याकरितां एक गुणांक बसविला. पातळ शौच किती वेळां झालें, पोट किती दुखलें, एकंदर प्रकृति कशी वाटली, हें रोग्यानें सात दिवस रोज टिपावयाचें. त्यांत वजन, रक्तांतील तांबड्या पेशींचें प्रमाण इत्यादि मिळवून आठ बाबींचा हिशेब करावयाचा. बेरीज १५०च्या खालीं आली तर रोग शांत, ४५०च्या वर गेली तर अतितीव्र. हा खटाटोप भारीच; म्हणून १९८० सालीं इंग्लंडांतील हार्वे व ब्रॅडशॉ यांनीं तो एका दिवसाच्या पांच बाबींवर आणून ठेविला.

परंतु प्रश्न सोपे झाले म्हणजे उत्तरें खरीं येतात असें नव्हे. शौचाची गोष्ट चारचौघांत काढणें मराठी घरांतून असभ्य समजतात. सहा वेळां उठून गेलेली सून सासऱ्यांदेखत डॉक्टरांस "दोनदां" म्हणून सांगते, आणि त्या दोनावर औषध ठरतें!

शिवाय खरें उत्तरही पुरेसें नसतें. पोट दुखेनासें झालें तरी आंत व्रण तसेच राहून आंतडें अरुंद होत जाऊं शकतें. उलट, सूज ओसरल्यावरही कित्येकांस जुलाब होतातच. याकरितां विष्ठेंतील कॅलप्रोटेक्टिन तपासतात. हें पांढऱ्या पेशींतील एक प्रथिन. आंतडें सुजलें कीं तें विष्ठेंत वाढतें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत १२२ रोग्यांचा एक, असे दोन गट केले होते. एकाचें औषध मुख्यतः लक्षणें पाहून वाढविलें. दुसऱ्याचें, लक्षणांच्या जोडीस हें प्रथिन व रक्तांतील सूजेची खूणही मोजून. ४८ आठवड्यांनीं दुर्बिणीनें पाहिलें तों पहिल्या गटांत ३७ जणांची, दुसऱ्यांत ५६ जणांची सूज निवून खोल व्रण नाहींसे झाले होते.

अर्थात् हें सारें निदान पक्कें झाल्यावरचें. आपल्या देशांत आंतड्याचा क्षय हुबेहूब याच रूपानें येतो, त्यांतही हे आंकडे चढतात, आणि क्षयावर चुकून स्टिरॉइड दिलें तर तो बळावतो.

औशाहून किंवा उदगिराहून लातुरास डॉक्टरांकडे येणाऱ्या रोग्यानें एक लहानशी वही जवळ बाळगावी. रोजचें शौच, तेंही रात्रीचें निराळें, रक्त पडलें असल्यास तें, ताप, आठवड्याचें वजन, चुकलेल्या गोळ्या, एवढें तींत असावें. तोंडानें सांगवत नसेल त्यानें वहीच डॉक्टरांच्या हातीं द्यावी.