नक्षत्रांच्या राज्यात गादीचा तंटा

डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म 1938 साली आपल्या कोल्हापुरातला. त्यांची ‘कृष्णविवर’ ही टोपणनावाने पाठवलेली कथा 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली आणि पुढे मराठी विज्ञानकथेला एक कसोटी मिळाली: विज्ञान काढून घेतलं की कथा कोसळली पाहिजे. या कसोटीवर स्पेस ऑपेरा, म्हणजे ताऱ्यांमधल्या साम्राज्यांची साहसकथा, सरळ नापास होतो. ‘स्टार वॉर्स’मध्ये अवकाशाच्या जागी समुद्र आणि यानांच्या जागी गलबतं घातली, तरी कथा फारशी बिघडत नाही. म्हणून जाणकार त्याला पोरखेळ म्हणतात. मला वाटतं, इथे कसोटीच चुकते. स्पेस ऑपेरा राहतो विज्ञानकथेच्या घरात, पण त्याचं गोत्र वीरकथेचं. अफाट साम्राज्य, गादीचा तंटा, फितुरी, इमान, शेवटची झुंज. भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांवर पोसलेल्या कोल्हापूरला याची गोडी वेगळी समजावून द्यायला नको.

आक्षेप येतो तो प्रकाशाच्या वेगाचा: त्याहून वेगाने काहीच जाऊ शकत नाही. आक्षेप खराच आहे. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. नियम पाळायचा तर वेढा पडल्याची वर्दी राजधानीत पोचायलाच चार वर्षं लागणार, कुमक तर दूरच! तेव्हा साम्राज्य हवं असेल, तर लेखकाला हा एक नियम मोडावाच लागतो. मात्र नायकाला सोडवायला दर प्रकरणी नवा नियम मोडणारा लेखक माफीला पात्र नाही. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ (1965) पाहा. तिथला ताऱ्यांमधला प्रवास एका मसाल्यावर चालतो आणि तो मसाला एकाच वाळवंटी ग्रहावर मिळतो. एवढं गृहीत धरलं, की पुढचं सगळं राजकारण त्यातून आपोआप उभं राहतं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार: इतक्या दूरच्या भविष्यातही राजेरजवाडेच कशाला? पण विज्ञानकथाकार आयझॅक आसिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’मध्ये साम्राज्य असतं ते ढासळण्यासाठीच. आणि हर्बर्टने तर 1969 साली आलेल्या ‘ड्यून’च्या पुढच्या कादंबरीत आपल्याच विजयी नायकाला, त्याच्या नावाने अब्जावधी माणसं मारली गेल्याचा हिशेब द्यायला लावला. आपल्या ऐतिहासिक कादंबरीने आणि चित्रपटाने नायकाला असा जाब क्वचितच विचारला आहे.