बेंटलेचें कुलशील

सन १९१९ मध्यें स्थापन झालेल्या बेंटले या इंग्रज कंपनीनें मार्च २०१५ मध्यें जिनिव्हाच्या प्रदर्शनांत दोन आसनांची एक ठेंगणी, चपळ स्पोर्ट्स मोटार नमुन्यादाखल मांडली. 'ईएक्सपी १० स्पीड ६' हें तिचें नांव. तिला पाहून शौकिनांत जुनाच वाद पेटला : बेंटले म्हणजे शर्यतीची गाडी, कीं श्रीमंतांचा धांवता दिवाणखाना ?

पूर्वजांची साक्ष काढावी, तर तेथेंही एकवाक्यता नाहीं. संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटले यांच्या गाड्यांनीं १९२४ सालीं, आणि पुढें १९२७ पासून लागोपाठ चार वर्षें, ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पण अंगानें त्या इतक्या दांडग्या, कीं बुगाटीनें त्यांस 'मालमोटारी' म्हटल्याची आख्यायिका आहे. वेग हवा तर एंजिन मोठें करावें, असें बेंटले यांचें मत. टिम बर्किन या शर्यतवीरानें मात्र त्यांच्या इच्छेविरुद्ध एंजिनांत जोरानें हवा कोंबणारें यंत्र बसविलें. ती 'ब्लोअर' ल मान्स कधींच जिंकली नाहीं. तरी लोकांच्या मनांत बेंटलेचें चित्र तिचेंच! कीर्तीचा न्याय हा असा.

१९३१ त बुडालेली कंपनी रोल्स-रॉइसनें घेतली, आणि पुढें तिची गाडी 'निःशब्द स्पोर्ट्स मोटार' म्हणून मिरवूं लागली. तेव्हां भारदस्तपणा हा मागाहून जडलेला दोष, हें म्हणणें टिकत नाहीं. तो जन्मजातच आहे. २०१५ चा तो नमुना विक्रीस आलाच नाहीं. त्याच वर्षीं कंपनीनें 'बेंटायगा' पुढें आणली : उंच, ऐसपैस आणि जवळजवळ अडीच टन वजनाची.