म्हातारपणाची विचारपूस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२९ सप्टेंबर २०१० या दिवशी आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभली या लहानशा गावाचं नाव देशभर पोचलं. तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी टेंभलीला आले होते. देशातला पहिला आधार क्रमांक त्या दिवशी गावातल्या एका महिलेला देण्यात आला. मी राहतो ते लोणखेडा शहाद्याला लागूनच आहे. त्यामुळे आमच्याकडे पुढे कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता.

मी कविता लिहिणारा माणूस. मला यंत्रापेक्षा नावाचं कुतूहल अधिक वाटलं. आधार हा शब्द मराठीत म्हातारपणाला चिकटलेला आहे. घरात मुलगा जन्मला की आयाबाया म्हणायच्या, चला, म्हातारपणाचा आधार झाला! तोच शब्द आता बारा आकड्यांना मिळाला. मुलगे मात्र सुरतला, अंकलेश्वरला, पुण्याला गेले. अंगणात म्हातारी माणसं राहिली आणि त्यांच्या हाती हा दुसरा आधार राहिला. या दुसऱ्या आधाराने, आणि त्याच्यामागून आलेल्या फोन, अॅप, अंगठ्याच्या यंत्रांनी उतारवयातल्या माणसाचं जगणं किती सोपं केलं, त्याविषयी मला आज बोलायचं आहे.

हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठी ओलांडलेली माणसं १० कोटींहून अधिक होती. आज ती संख्या कितीतरी वाढलेली आहे. आपल्या राज्यात ६५ वर्षांवरच्या निराधार वृद्धांना श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेतून मदत मिळते. २०२३ पासून ती महिना १५०० रुपये झाली. शहरातल्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. आमच्याकडे ती किराणा आणि औषधाची रक्कम आहे.

आमच्या गल्लीत माझी फुफी राहते, म्हणजे वडिलांची बहीण. वय ऐंशीच्या घरात. दोन्ही मुलगे परगावी. उमेदीची सगळी वर्षं तिने मिरची तोडली, कापूस वेचला, लोकांच्या शेतात निंदणी केली. एका महिन्यात ती पैसे काढायला एका सेवा केंद्रावर गेली. अंगठा ठेवला, यंत्रावर लाल अक्षरं आली. पुसून ठेवला, पुन्हा लाल अक्षरं. चालवणारा पोरगा म्हणाला, "आजी, मॅच होत नाही. उद्या या." ती उद्या गेली, परवाही गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मला दोन्ही तळवे दाखवले आणि विचारलं, "बेटा, मेरे हाथ में क्या खराबी है?" रात्री झोपताना ती बोटांना तेल चोळत होती, असं मला नंतर कळलं.

तिच्या हातात काहीच खराबी नव्हती. वय झालं की कातडी कोरडी पडते, तिचा ताण जातो, बोटांवरच्या रेषा उथळ होतात. त्यात जन्मभर मातीत, दगड-विटांत, राखेत काम केलेलं असलं तर रेषा झिजून जातात. म्हणजे ज्याने सर्वांत जास्त कष्ट केले त्याचंच बोट यंत्राला सर्वांत कमी ओळखू येतं. हे यंत्र करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. म्हणून तर डोळ्याच्या बुबुळावरून, चेहऱ्यावरून, मोबाइलवर आलेल्या आकड्यावरून ओळख पटवायची सोय पुढे आली. सरकारी निवृत्तीवेतनधारकांना हयातीचा दाखला डिजिटल पद्धतीने देण्याची 'जीवन प्रमाण' योजना नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. २०२१ मध्ये त्यात चेहऱ्यावरून ओळखही आली. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन ७० रुपये शुल्क घेऊन घरी येतो आणि हा दाखला करून देतो. वाटा आहेत. पण पाटीसमोर उभ्या असलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईला त्या वाटा सांगणार कोण?

फुफीचं काम शेवटी बँकेच्या शाखेत झालं. खिडकीतल्या माणसाने पासबुकावरचा फोटो पाहिला, तिच्या तोंडाकडे पाहिलं, साक्षीदाराची सही घेतली आणि कागदावर शाईचा अंगठा उमटवून पैसे दिले. अंगठा तोच होता. फरक एवढाच की इथे एक माणूस तिच्या तोंडाकडे पाहत होता.

मला त्या लाल अक्षरांविषयीही बोलायचं आहे, कारण शब्द हा माझा धंदा आहे. त्या यंत्रावर इंग्रजीत जे उमटतं त्याचा अर्थ, ओळख पटवण्यात अपयश. अपयश कुणाचं? वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारीचं. समजा तिथे मराठीत लिहिलं असतं, 'आम्हाला बोट नीट दिसलं नाही, दुसरं बोट ठेवून पाहा, नाहीतर बुबुळ पाहू या.' यंत्रात एक पैचाही बदल न करता फुफीच्या तीन खेपा वाचल्या असत्या. शिवाय आपल्याच हातावरचा तिचा विश्वास गेला नसता. म्हाताऱ्या माणसाला मदत नाकारली गेल्याचं जितकं दुःख होतं, तितकंच दोष आपला आहे असं वाटण्याचंही होतं. ते दुःख कुठल्याही नोंदवहीत चढत नाही.

आता याच्या अगदी उलट उदाहरण सांगतो. २६ ऑगस्ट २०२२ पासून आपल्या एसटीने ७५ वर्षांवरच्या माणसांना राज्यात प्रवास मोफत केला. ६५ ते ७५ वयाच्या लोकांना निम्मं तिकीट आहेच. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड चालतं. तेच कार्ड, तेच बारा आकडे. पण कंडक्टर अंगठा मागत नाही. कार्ड पाहतो, माणूस पाहतो आणि तिकीट फाडून देतो. परिणाम आमच्या शहाद्याच्या स्टँडवर जाऊन पाहावा. जी म्हातारी माणसं दाराच्या उंबऱ्यावर बसून असायची ती आता प्रकाशाला जातात, सारंगखेड्याच्या यात्रेला जातात, लेकीकडे नंदुरबारला जाऊन संध्याकाळी परत येतात. कुणाकडे दहा रुपये मागावे लागत नाहीत. स्टँडवर चार ओळखीची माणसं भेटतात, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी होते. डॉक्टरच्या गोळीने होणार नाही एवढं काम त्या प्रवासाने होतं.

मला वाटतं, सामाजिक तंत्रज्ञान म्हणतात ते हेच. नाव मोठं आहे, पण अर्थ साधा आहे. माणसाला माणसाशी जोडणारी कुठलीही तजवीज. त्यात मोबाइल येतो, तशी एसटी येते, पोस्टकार्ड येतं, रेशनचं दुकान येतं, गावचा पार येतो आणि तुम्ही ऐकत आहात तो रेडिओही येतो. उतारवयात पैशाची आणि दुखण्याची चिंता असतेच. तिसरी चिंता, कुणी विचारत नाही ही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांत एक माणूस एकाकीपणाने त्रासलेला आहे असं म्हटलं आणि एकाकीपणाचा संबंध हृदयविकार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश यांच्याशी जोडला. आपल्या बायाबापड्यांना हे अहवालाविना माहीत होतं. 'एकटा जीव खंगतो' असं त्या म्हणतच आल्या.

बाहेरच्या देशांनी यावर काय केलं? जपानमध्ये एका कंपनीने २००१ मध्ये चहाच्या पाण्याची एक विजेची किटली आणली. म्हाताऱ्या आईने सकाळी उठून चहासाठी पाणी घेतलं की दूर राहणाऱ्या मुलाला त्याची वर्दी जाते. वर्दी आली नाही तर मुलगा फोन करतो. यातली गोम अशी की आईला नवं काहीच शिकावं लागत नाही. ती आपला रोजचा चहा करते. फ्रान्सच्या टपाल खात्याने २०१७ मध्ये दुसरी सेवा काढली. मुलांनी पैसे भरायचे आणि पोस्टमनने ठरलेल्या दिवशी त्यांच्या आईवडिलांच्या घरी थांबून दोन शब्द बोलायचे, खुशाली कळवायची. पोस्टमन तर त्या रस्त्याने जातच होता. त्याला फक्त थांबायला सांगितलं.

या दोन्ही गोष्टींत एक शहाणपण आहे. माणसाची जुनी सवय मोडू नका, तिच्यावरच नवी सोय बसवा. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. आधी अॅप तयार होतं, मग म्हाताऱ्यांना ते 'शिकवण्याचं' शिबिर होतं.

भाषेचंही असंच आहे. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे जवळपास ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. देशात भिली मातृभाषा सांगणारे १ कोटीहून अधिक आहेत. सपाटीवर अहिराणी, गुजरी, आमच्या मोहल्ल्यात आमची खानदेशी उर्दू, वर सातपुड्यात भिली आणि पावरी. आणि फोन काय बोलतो? हिंदी, इंग्रजी, फार तर पुस्तकी मराठी, तीही घाईघाईने. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये 'आदि वाणी' नावाचं भाषांतराचं अॅप चाचणीसाठी आणलं, त्यात भिली आहे. ही चांगली सुरुवात म्हणायला हवी. पण धडगावच्या डोंगरातल्या आजीला तिच्याच बोलीत, सावकाश, 'माय, गोळी घेतली का?' असं विचारणारा आवाज अजून तिच्यापर्यंत पोचायचा आहे.

मोबाइलला मी वाईट म्हणणार नाही. आमच्या गल्लीतल्या आज्या सुरतच्या नातवंडांना रोज पडद्यावर पाहतात. त्या आनंदाला मोल नाही. फक्त दोन गोष्टींकडे लक्ष द्यायला हवं. एक, बहुतेक घरांत फोन बाहेरून येतो, आजीला स्वतःहून लावता येत नाही. मग तिला वाट पाहणं एवढंच उरतं. मुलांनी फोनच्या पहिल्या पडद्यावर चार चेहरे ठेवून द्यावेत, चेहरा दाबला की फोन लागावा. एवढं काम पाच मिनिटांचं आहे. दुसरी गोष्ट, एकाकी माणूस ठकाला लवकर सापडतो, कारण ठक गोड बोलतो आणि बराच वेळ बोलतो. 'डिजिटल अरेस्ट' नावाचा कुठलाही प्रकार कायद्यात नाही. फोनवरून कुणी अटकेचा धाक घातला तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावं. ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारची १४५६७ ही मोफत मदतवाहिनीही आहे. हे दोन आकडे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवा.

आमच्या लोणखेड्याला पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचं मोठं शैक्षणिक संकुल आहे. दरवर्षी शेकडो मुलंमुली तिथे शिकायला येतात. अशा प्रत्येक गावातल्या विद्यार्थ्यांना माझं एक सांगणं आहे. तुम्हाला परीक्षेसाठी प्रकल्प करायचाच असतो. तो करण्याआधी एका म्हाताऱ्या माणसाजवळ आठवडाभर रोज तासभर बसा. तो कितीला उठतो, औषध कुठे ठेवतो, कुणाची वाट पाहतो, कोणता आकडा त्याला दिसत नाही, हे पाहा. मग जे बनवाल त्याला तीन प्रश्न विचारा. हे वापरताना त्याला कुणापुढे ओशाळं व्हावं लागतं का? हे बंद पडलं तर त्याचं काम करायला माणूस आहे का? आणि हे आल्यावर त्याच्याकडे येणारी माणसं वाढली की कमी झाली?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मुलाच्या फोनवर खुशालीची वर्दी आली म्हणून मुलाने घरी येणंच सोडलं, तर ती सोय महागात पडली असं समजावं.

आणि ज्यांना प्रकल्प वगैरे करायचा नाही त्यांच्यासाठीही काम आहे. तुमच्या शेजारच्या आजी-आजोबांचा अंगठा यंत्रावर उमटतो का, हे आजच विचारा. उमटत नसेल तर मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला आहे का ते पाहा, आणि पुढच्या वेळी त्यांच्यासोबत खिडकीपर्यंत जा. जाताना येताना त्यांच्याशी बोला.