डिचोली ते केरी, ग्रुपनं

पहाटे सायकलचा भोंगा वाजला की पोदेर पाव घेऊन आला, हे गोव्यातलं शेंबडं पोरही सांगेल. अलीकडे त्याच रस्त्यांवर हेल्मेट घातलेल्यांचे ग्रुप दिसतात. त्यांत एखादा नवखा असतोच: कोरी सायकल, दांडगा उत्साह आणि पहिल्याच चढाला लागलेली धाप.

डिचोली, अस्नोडा, म्हापसा, मग कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडून पेडणे आणि हरमलमार्गे केरी. पहिल्या लांब फेरीला ही वाट छान. फक्त गिअर चढ सुरू होण्याआधी हलका करायचा. ऐन चढावर जोर लावून बदलला की साखळी कुरकुरते, कधी उतरतेही.

ग्रुपचा खरा फायदा वाऱ्यापाशी कळतो. पुढच्याच्या आडोशानं चाललं तर मागच्याचे पाव हिस्सा कष्टही वाचू शकतात, म्हणून पुढची जागा आळीपाळीनं घेतात. पण चाकाला चाक भिडवायचं नाही, अचानक ब्रेक दाबायचा नाही आणि खड्डा दिसला की हातानं खूण करायची. महामार्गावर एकामागे एकच.

पहिल्याच दिवशी शर्यत कशाला? फ्रान्समध्ये रुजलेल्या ‘ब्रेव्हे’ या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि नंबर कुणालाच नसतो. २०१५ साली दोघांच्या संघातून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी करणारे नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन ही फार पुढची गोष्ट.

केरीला सायकल फेरीबोटीत चढवली की पलीकडे तेरेखोलचा किल्ला. तिथंही चढ आहेच, आणि परतीची अख्खी वाट बाकी असते.