पॉवर प्रेस आणि मालकाची जबाबदारी

छोट्या वर्कशॉपमध्ये बोटं जातात ती बहुधा पॉवर प्रेसवर. पाय पेडलवर, हात डायमध्ये, आणि क्षणभर लक्ष उडतं. म्हणूनच मशिनला दोन बटणं हवीत: दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये. काही ठिकाणी माल लवकर निघावा म्हणून एक बटण काडी खुपसून कायमचं दाबून ठेवतात. मालकाला हे दिसत नाही, असं कसं म्हणायचं? धोकादायक भागाला संरक्षक जाळी बसवणं ही कारखान्याच्या मालकाची जबाबदारी, असं 2025 पर्यंत लागू असलेला 1948 चा कारखाने कायदा स्पष्ट सांगत होता. सुरक्षेच्या सोयींचा खर्च कामगाराच्या पगारातून कापायचा नाही. डाय बदलताना मेन स्विच बंद, आणि त्याची किल्ली डाय बदलणाऱ्याच्याच खिशात.