मॉन्सूनच्या अभ्यासक डॉ. सुलोचना गाडगीळ
(सावली येथील व्याख्यान)



महीकाठच्या या सावली तालुक्यात मृग कोरडा गेला की पेरणी लांबते, आणि पेरणी लांबली की घरोघरचे वर्षाचे हिशेब बदलतात. पावसाची विद्या येथे केवळ पंडितांपुरती राहत नाही. त्या विद्येला नवी दिशा देणाऱ्यांत डॉ. सुलोचना गाडगीळ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

१९४४ साली पुण्यात जन्मलेल्या सुलोचनाबाईंनी १९७० साली हार्वर्ड विद्यापीठातून सागरी प्रवाहांच्या गणितावर डॉक्टरेट मिळविली. १९७१ साली त्या मायदेशी परतल्या, आणि १९७३ पासून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापन व संशोधन केले.

मॉन्सून म्हणजे एक प्रचंड खारा वारा, जमीन समुद्राहून अधिक तापल्याने तो वाहतो, असे पाठ्यपुस्तके सांगत आली. परंतु जमीन अधिक तापते मे महिन्यात, आणि पाऊस भरास येतो जुलैत. अवर्षणाच्या वर्षी तर जमीन अधिकच तापलेली असते! १९८० साली डी. आर. सिक्का यांच्यासह त्यांनी उपग्रहांची छायाचित्रे दिवसागणिक तपासली. विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर उद्भवणारा ढगांचा पट्टा दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकत भूमीवर येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

१९८४ साली सहकाऱ्यांसमवेत त्यांनी आणखी एक निष्कर्ष मांडला. समुद्राचा पृष्ठभाग सुमारे २८ अंश सेल्सियसच्या वर तापल्याखेरीज असे ढग विपुल होत नाहीत. मात्र त्यापुढे उष्णता वाढली म्हणून ढग त्याच प्रमाणात वाढतात असेही नाही. समुद्र तापत चाललेल्या आजच्या काळात हा विवेक मोलाचा आहे.

ही विद्या त्यांनी शिवारापर्यंत नेली. दक्षिणेतील कोरडवाहू भुईमूग पिकविणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांनी आधी त्यांच्या अडचणी विचारल्या, आणि मग पावसाच्या दीर्घकालीन नोंदींवरून पेरणीच्या योग्य काळाचा विचार केला. तीव्र अवर्षणाने राष्ट्रीय उत्पन्नाची २ ते ५ टक्के हानी होते, हे त्यांनी पुत्र सिद्धार्थ यांच्यासह २००६ साली दाखविले.

जुलै २०२५ मध्ये, ऐन पावसाळ्यात, त्या निवर्तल्या. रूढ सिद्धान्तही निरीक्षणाच्या कसोटीवर घासून पाहावा, आणि शास्त्राने शेतकऱ्याच्या प्रश्नापासून आरंभ करावा, ही त्यांची शिकवण ज्ञानोपासकांनी जतन करावी.