शब्द कुणाचा, लस कुणाची



लसीकरण म्हटलं की आपल्याला बर्फाची पेटी दिसते, नर्सताई दिसतात, भोकाड पसरलेलं पोर दिसतं. एक गोष्ट मात्र दिसत नाही. आई आपलं मूल पुढे करते ती कुणाच्या तरी शब्दावर. तो शब्द कुणाचा असावा, याचा एक मोठा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला झाला. आज आपण अहिल्यानगर म्हणतो, तेव्हा ते अहमदनगर होतं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. प्रकल्पाच्या नोंदी सांगतात की, त्या सुमारास जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत. लस मिळालेली मुलं शंभरात एकसुद्धा नव्हती.

आरोळ्यांनी आधी शिकलेल्या नर्स गावोगाव ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. परगावची एकटी तरुण मुलगी. तिला गावात करमेना आणि गावाला ती आपली वाटेना. मग गावातलीच बाई निवडा, अशी सूचना गावकऱ्यांमधूनच आली. अशा निवडलेल्या बायकांत पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्या आठवड्याला जामखेडला जात, शिकत आणि शिकलेलं गावात येऊन सांगत. बाळंतपण, जुलाब, मुलांचं वजन, क्षय, कुष्ठरोग आणि अर्थातच लस.

आता यात लसीला काय फायदा झाला? आपल्याकडे गोवर, कांजिण्या म्हणजे देवी आली. दाराला कडुनिंबाचा पाला लावायचा, औषध द्यायचं नाही. अशा घरी जीपमधून उतरलेल्या साहेबानं कितीही शास्त्र सांगितलं तरी मान हलते, मूल पुढे येत नाही. आणि त्रिगुणी लस टोचली की रात्री ताप येतो! साहेब तर संध्याकाळीच परत गेलेला. पण सांगणारी बाई त्याच आळीतली असली, तर पहाटे तिचं दार वाजवता येतं. तिला जाब विचारता येतो. माझ्या मते जामखेडच्या यशाचं निम्मं रहस्य या दार वाजवण्यात आहे. पुढे तिथलं लसीकरण नव्वद टक्क्यांच्या पलीकडे गेलं आणि बालमृत्यू झपाट्यानं उतरले.

हे नुसतं प्रेमानं झालं असं समजू नका. १९७२च्या दुष्काळात प्रकल्पानं बोअर घेतल्या त्या मुद्दाम दलित वस्तीत. पाणी हवं, तर सगळ्या गावानं तिथं यायचं. लस सगळ्यांना सारखी मिळावी असं म्हणणं सोपं आहे. ती ज्या वस्तीत शेवटी पोचते, तिथं काम आधी सुरू करायला धैर्य लागतं. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली.

गावातलीच बाई, ही कल्पना सरकारनं २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानात देशभर नेली. तीच आपली आशाताई. नेताना थोडं सांडलं. आशाताईला कामामागे मोबदला मिळतो, रजिस्टरं ढीगभर भरावी लागतात. २०२१च्या मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना कोविडची लस खुली झाली, पण नोंदणी मोबाइलवर. तेव्हा शहरातले लोक गाडी काढून खेड्यातल्या केंद्रावर लस घेऊन गेले आणि शेजारच्या वस्तीवरचा माणूस बघत राहिला. लस गावात होती, गावाला नव्हती! पुढे थेट केंद्रावर नोंदणीची सोय झाली आणि घरोघरी जाऊन माणसं आणली ती आशांनीच. त्याच वर्षी जूनमध्ये मानधनासाठी त्यांना संप करावा लागला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला. गौरवानं किराणा येत नाही, एवढंच म्हणतो.

आजचा कठीण प्रश्न ऊसतोडीचा आहे. जामखेड, पाथर्डी आणि शेजारचा बीड जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबं कारखान्यांकडे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. बाळाचे डोस दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे, गोवराची लस नवव्या महिन्यात. ही वयं फडातल्या कोपीत येतात. गावच्या आशाताईच्या वहीत 'स्थलांतरित' लिहिलं जातं, कारखान्याकडच्या आशाताईच्या वहीत नावच नसतं. गोवर थोपवायचा तर शंभरातली पंचाण्णव मुलं सुरक्षित लागतात, आणि वगळलेली मुलं एकाच तळावर एकत्र राहतात. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला गोवर भडकला, तोही अशाच दाट वस्तीत.

यावर नवी योजना नको. कोणत्या मुकादमाबरोबर कोण कुठल्या कारखान्याला चाललं आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. ग्राम आरोग्य समितीनं ती नावं बाळाच्या डोसासह उतरवावीत, तिकडच्या आरोग्य केंद्राला फोनवर कळवावीत, आणि बाळाचं लसीचं कार्ड घरच्या पेटीत न ठेवता आईच्या पिशवीत द्यावं. कारखान्यानं तळावर महिन्यातून एक दिवस जागा आणि पाणी द्यावं. यादी मात्र दसऱ्याच्या आत व्हायला हवी. दिवाळीनंतर करायला निघालात, तर घरांना कुलपं दिसतील.